तिथी पाहून निघा विजयदुर्गला

नमस्कार श्रोतेहो. देवगड तालुक्यात फिरायला निघालात तर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. पुन्हा सांगतो, अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पुढे रोज पाऊणएक तास उशीर धरा. कुणकेश्वरला समुद्रातल्या खडकांवर कोरलेली शिवलिंगं ओहोटीलाच दिसतात. भरतीला पोचलात तर नुसत्या लाटा. हल्ली तिथी बघतात ती उपासापुरती, याचं वाईट वाटतं. किनाऱ्याचं घड्याळच होतं ते.

विजयदुर्गासाठी मुंबई-गोवा महामार्ग तळेऱ्याला सोडायचा. वाघोटन खाडीच्या तोंडावरचा, तिहेरी तटाचा हा किल्ला. आत ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि सांगतात, १८६८ साली लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबानं इथूनच सूर्यावरचा हेलियम शोधला.

श्रोतेहो, खरी हकिकत याहून सुरस आहे. १८ ऑगस्ट १८६८ला खग्रास सूर्यग्रहण झालं, तेव्हा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन ते पाहायला आंध्रातल्या गुंटूरला होता. आणि नॉर्मन लॉकियर? तो इंग्लंडात! ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा प्रकाश त्यानं वर्णपटात फाकवून पाहिला. प्रत्येक मूलद्रव्याच्या वर्णपटात त्याच्या ठरावीक रेघा असतात. यात एक पिवळी रेघ होती. सोडियमच्या जोडरेघेजवळची, पण तिच्याशी न जुळणारी. ठाऊक असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याची ती नव्हती. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अनोळखी द्रव्याला हेलियम म्हटलं गेलं. पृथ्वीवर ते हाती लागलं १८९५ साली, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीला.

आणि त्यानंतर लॉकियर खरोखरच विजयदुर्गला आला, २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. पूर्ण काळोखाची जेमतेम दोन मिनिटं, आणि उपकरणं कितीतरी. माणसं आणायची कुठून? मेल्पोमिनी या युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला घेतले, आणि त्यांच्याकडून आधी तालीम करून घेतली. तेव्हा सन नीट लक्षात ठेवा: १८६८ला इंग्लंड, १८९८ला विजयदुर्ग. गावच्या वाटाड्यांनी ही खरी हकिकत सांगावी. तिच्यानं किल्ल्याचा मान तसूभरही कमी होत नाही.

किल्ला सकाळीच बघा, वर सावली कमी. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, तटावर चढू नका. परतताना गिर्याला रामेश्वराच्या देवळाशी थांबा. खडक कापून काढलेल्या वाटेनं खाली उतरायचं. भर दुपारीसुद्धा तिथे गारवा असतो.