वाढीव घरपट्टी कुणाच्या खात्यात?

[दृश्य : नाशिकचा मेनरोड, सकाळ. शटर वर जातं. गल्ल्यामागे तारेच्या आकड्यात ओवलेल्या पावत्या.]

ही घरपट्टीची पावती जरा जवळून बघा. सर्वसाधारण कर, अग्निशमन कर, वृक्ष कर. त्यातच राज्याचा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. हे दोन महापालिकेचे नाहीतच. पालिका ते फक्त गोळा करून सरकारकडे भरते. लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला. जीएसटीची भरपाई वरून येते. हक्काची म्हणावी अशी उरली ती मुख्यतः घरपट्टी. सिंहस्थाला सरकारी निधी मिळतो, पण दोन सिंहस्थांच्या मधली अकरा-बारा वर्षं?

[दृश्य : अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका, स्मार्ट रोड.]

जेमतेम 1.1 किलोमीटर. खोदकाम चाललं तेव्हा दुकानदारांनी धूळ खाल्ली. रस्ता सुधारला की जागेला भाव येतो, हे कळायला दलाल लागत नाही. मग त्या भावातूनच रस्त्याचा खर्च काढला तर?

कॅलिफोर्नियाने 1952 मध्ये हीच वाट काढली : टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग. एक परिसर आखायचा आणि मिळकतींचं त्या दिवशीचं मूल्य गोठवायचं. समजा तिथला कर 1 कोटी आहे आणि दहा वर्षांनी तो दीड कोटी झाला. वरचे 50 लाख तिजोरीत न जाता त्याच परिसराच्या खात्यात. त्या भरवशावर आजच कर्ज काढायचं. इलिनॉय राज्यात अशा खात्याची मुदत 23 वर्षांची. वाढवूनही मिळते.

गोम इथेच आहे. अमेरिकेत शाळा मोठ्या प्रमाणात घरपट्टीवर चालतात. वाढीव कर अडवला की शाळांचा वाटाही अडतो. कॅलिफोर्नियात ती तूट राज्याला भरावी लागे. शेवटी 2011 मध्ये कायदा करून, ही पद्धत राबवणाऱ्या सुमारे 400 पुनर्विकास संस्थांना टाळं लावलं.

अनेक राज्यांच्या कायद्यात अट असते : हा पैसा घातला नसता तर ही वाढ झालीच नसती, हे दाखवा. दाखवणार कोण? बऱ्याचदा ज्याला योजना हवी त्याचाच सल्लागार. नवरीला चांगली म्हणायला नवरीची आईच! म्हणून सुधारणा मागणारे म्हणतात, पडताळणी तिऱ्हाइताकडून करा, शाळांचा वाटा बाजूला ठेवा, मुदत संपली की खातं बंद करा.

[दृश्य : पुन्हा मेनरोड. जुना वाडा, खाली दुकानं.]

केंद्राच्या 2017 च्या धोरण-आराखड्यात ही पद्धत आहे. पण नाशिकची अडचण त्याच्याही आधी सुरू होते. इथे वाढ कागदावरच येत नाही. या वाड्यातला पागडीचा भाडेकरू जुनंच भाडं देतो आणि करयोग्य मूल्य त्या भाड्याला बांधलेलं. 2018 मध्ये हे मूल्य वाढवायचा निर्णय झाला तेव्हा शहर कसं पेटलं होतं, ते आठवतंच आहे.

म्हणजे वाढ दिसणार ती नव्या वस्त्यांत, गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्याला. तिथे बिल्डर तसाही येणारच होता. तिथला पैसा तिथेच कोंडला, तर जुन्या गावातल्या भद्रकालीच्या गटारीला काय उरणार? माझं मत विचाराल तर परिसर आखायचाच असेल तर गावठाणात आखा, आणि त्याआधी मिळकतींचं मूल्य नव्याने काढा. दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे.

[दृश्य : पावती. 'शिक्षण कर' या ओळीवर बोट.]

आणि ही ओळ. घरपट्टी वाढली की हीसुद्धा वाढते. ती वाढ कुणाच्या खात्यात जाणार, हे कायद्यात आधी लिहावं लागेल.

[दुकानदार पावती पुन्हा आकड्यात ओवतो. पहिलं गिऱ्हाईक पायरी चढतं.]