खड्डा वाचला, बिल उरलं

मंडळी, सांडपाण्यावरचं व्याख्यान ऐकायला इतकी माणसं येतील, असं आयोजकांनाही वाटलं नसावं. विषय नाक मुरडायला लावणारा आहे खरा. पण त्यात पैसा आहे आणि तो घर घेणाऱ्याच्या खिशातला आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

सांडपाणी वाहून न्यायची जुनी पद्धत म्हणजे उतार. नळी तिरकी घालायची, पुढचं काम गुरुत्वाकर्षण फुकटात करतं. अट एकच, वेग पडता कामा नये. सेकंदाला साधारण 60 सेंटिमीटरपेक्षा पाणी सावकाश वाहिलं की घाण तळाशी बसायला लागते. म्हणून 200 मिलिमीटरच्या नळीला शंभर मीटरमागे निदान 40 सेंटिमीटर उतार देतात. आकडा किरकोळ वाटतो. पण जमीन सपाट असेल तर एक किलोमीटरवर हीच नळी 4 मीटर आणखी खोल गेलेली असते. त्या खोलीवर खडक लागला किंवा भूजल लागलं की सुरुंग आले, पाण्याचा उपसा आला, चर ढासळू नये म्हणून आधार आले. वसाहत उभारणाऱ्या विकासकाला घाम फुटतो तो इथे.

यावर अमेरिकेत 1960 च्या दशकात एक वेगळा विचार पुढे आला. हार्वर्डचे प्राध्यापक गॉर्डन फेअर यांची कल्पना अशी, की घराघरातला मैला दळून, दाबाखाली, बारीक नळीतून पाठवायचा. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी इथे काही घरांना ग्राइंडर पंप बसवून त्याचं प्रात्यक्षिक झालं. पुढे ही पद्धत तळ्याकाठच्या, खडकाळ, चढउताराच्या जागांवर पसरली आणि तिथल्या नियोजित वसाहतींमध्येही रुजली.

यंत्र तसं साधं आहे. अंगणात एक टाकी पुरलेली असते, साधारण अडीचशे लिटरची, वर हिरवं झाकण. हिरवळीत ते लपून जातं, आणि ते लपावं अशीच सगळ्यांची इच्छा असते. आत मोटर, तिच्या तोंडाशी कठीण पोलादाची पाती, आणि पाणी मागे येऊ नये म्हणून झडप. पाण्याची पातळी ठरावीक उंचीला आली की पंप सुरू होतो, काही मिनिटं चालतो आणि थांबतो. मैला, कागद सगळं दळून पातळ होतं आणि सव्वा इंची नळीतून रस्त्याखालच्या नळीत जातं. ही नळी जमिनीच्या चढउतारांबरोबर वरखाली गेली तरी चालते. हिवाळ्यात गोठणार नाही इतकी खोल असली की झालं. भिंतीवर एक पेटी असते. पातळी फार वाढली की तिच्यावरचा लाल दिवा लागतो आणि भोंगा वाजतो.

अभियंता म्हणून मला ही पद्धत आवडते, हे आधीच सांगून टाकतो. तक्रार यंत्राबद्दल नाही, हिशेबाबद्दल आहे. उताराच्या पद्धतीत जवळजवळ सगळा भांडवली खर्च विकासकाला आधी करावा लागतो, घरं विकली जावोत न जावोत. दाबाच्या पद्धतीत रस्त्याखाली बारीक नळी टाकली की त्याचं काम झालं. पंप येतो घर बांधताना, एकेका घराबरोबर, त्या घराच्या किमतीत मिसळून. जाहिरातीत याला ‘टप्प्याटप्प्याने खर्च’ म्हणतात. खोटं नाही ते. पण जो खर्च वाचला म्हणून सांगतात, त्यातला मोठा भाग वाचलेला नसतो. तो विकासकाच्या वहीतून उठून तुमच्या अंगणात येऊन बसलेला असतो, आणि तिथे तो दर काही वर्षांनी पुन्हा उगवतो.

लोक पहिला प्रश्न विचारतात विजेचा. चला, करू हिशेब. घरातून दिवसाला 700 लिटर सांडपाणी येतं असं धरा. पंप मिनिटाला 40 लिटर ढकलतो. म्हणजे दिवसभरात तो चालतो जेमतेम अठरा मिनिटं. 1 अश्वशक्तीची मोटर साधारण एक किलोवॉट खाते. वर्षाचे झाले शंभरेक युनिट. ही रक्कम किरकोळ आहे, आणि म्हणूनच विक्रेता ती उत्साहाने सांगतो. त्याला जे विचारायला हवं ते वेगळंच आहे: हा पंप जाईल तेव्हा तो कोणाचा असेल?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीपत्रकानुसार चांगल्या प्रतीच्या मांडणीत दोन दुरुस्त्यांमधलं अंतर 4 ते 10 वर्षं धरता येतं. पंप बदलायचा तर हजारो डॉलर लागू शकतात, आणि वॉरंटी बहुधा त्याच्या कितीतरी आधी संपलेली असते. यात एक गंमत आहे, म्हणजे भोगणाऱ्याला गंमत वाटणार नाही. वसाहतीतली घरं दोन-तीन वर्षांत पटापट बांधली जातात, तेव्हा पंपही एकाच वयाचे असतात. ते थकतातही आगेमागेच. पंपांची जबाबदारी घरमालक संघाकडे असेल आणि राखीव निधीत त्यांच्यासाठी काही बाजूला काढलेलं नसेल, तर एके वर्षी अचानक जादा वर्गणी मागायची पाळी येते. सुरुवातीची वर्षं संघ विकासकाच्याच हातात असतो, आणि घरं विकायची असतात म्हणून तो वर्गणी कमीच ठेवतो. वर्गणी कमी म्हणून खूश होऊन घर घेणाऱ्याने राखीव निधीचा आकडा आधी बघावा.

लवकर बिघाड होतो तो बहुधा घरातल्याच गोष्टींनी. ‘फ्लश करता येतात’ असं लिहिलेले ओले वाइप्स प्रत्यक्षात विरघळत नाहीत. त्यांचे धागे पात्याभोवती पिळत जातात. तेल-तूप टाकीच्या कडेला थर धरतं आणि पातळी ओळखणारी कळ त्यात अडकते. दातांचा दोरा दिसायला निरुपद्रवी, पण मोटरच्या आसाभोवती गुंडाळला गेला की सील खातो. यांतलं काही सापडलं की दुरुस्तीचं बिल ‘गैरवापर’ म्हणून सहसा घरमालकाच्या नावे, करार कोणाशीही असो.

वीज गेली तर? पंप बंद, आणि अनेक पेट्यांचा भोंगाही बंद. नळाला मात्र पाणी असतं, त्यामुळे लोक नेहमीसारखे वापरत राहतात आणि टाकी मुकाट्याने भरत जाते. वीज परत आली की सगळ्या घरांचे पंप एकदम सुटतात, नळीतला दाब चढतो, आणि कमी दाबाच्या जातीचे पंप नुसतेच फिरत राहतात. शेजाऱ्यांच्या टाक्या उपसल्या जाईपर्यंत थांबायचं. म्हणून पेटीला छोटा जनरेटर जोडायची सोय घ्यावी लागते. विमाही वाचून बघावा. अमेरिकेतल्या साध्या घरविम्यात सांडपाणी उलटं आल्याचं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं कलम विकत घ्यावं लागतं.

आणखी एक खर्च कोणाच्या लक्षात येत नाही. रस्त्याखालची नळी सगळी घरं भरतील या हिशेबाने घातलेली असते. पाचशेपैकी साठ घरं वसली, की सांडपाणी नळीत रेंगाळतं, सडतं, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. दुर्गंधी येते आणि जिथे ही नळी मोठ्या मलवाहिनीला मिळते तिथलं काँक्रीट झिजतं. मग नळी स्वच्छ पाण्याने धुवायची, रसायनं सोडायची. बिल त्या साठ घरांच्या माथी.

नळ्यांचं कर्जही वेगळ्या नावाने येतं. फ्लोरिडात 1980 च्या कायद्याने झालेले सामुदायिक विकास जिल्हे, म्हणजे एखाद्या वसाहतीपुरत्या स्थानिक संस्था, रोखे काढून रस्ते, नळ्या बांधतात आणि त्याचे हप्ते घरपट्टीच्या बिलावर येतात. मेरीलँडमध्ये काही वसाहतींत विकासक पाणी-सांडपाण्याच्या नळ्यांचा खर्च वर्षानुवर्षं वार्षिक आकारणीने घरमालकांकडून वसूल करतो. विक्रीच्या करारात ते उघड करावं लागतं. उघड करावं लागतं म्हणजे चाळीस पानांच्या कुठल्यातरी परिच्छेदात ते असतं. शिवाय सांडपाण्याचा आकार अनेक ठिकाणी पाण्याच्या मीटरवरून लावतात. बागेला घातलेलं पाणी टाकीत येतच नाही, तरी त्याचेही पैसे जातात. वेगळा मीटर मागितलात तर सुटका.

मालकीच्या तीन तऱ्हा दिसतात: घरमालकाची, संघाची, किंवा सांडपाणी वाहून नेणाऱ्या सेवासंस्थेची. माझं मत स्पष्ट आहे, तिसरीच बरी. सेवासंस्थेकडे सगळे पंप एकाच जातीचे असतात आणि तयार पंप गोदामात असतो. लाल दिवा लागला की गाडी येते, झाकण उघडून जुना पंप उचलतात, नवा सोडतात आणि बिघडलेला वर्कशॉपमध्ये निवांत दुरुस्त होतो. त्यासाठी अंगणात येण्या-जाण्याचा हक्क आधी लिहून घ्यावा लागतो आणि टाकीवर झाडं किंवा ओटा बांधायला मनाई असते. दर महिन्याचा आकार थोडा जास्त पडतो. पण घरमालकाला रात्री अकरा वाजता अनोळखी दुरुस्तीवाला शोधत फिरावं लागत नाही. पंप सेवासंस्थेचा असला तरी वीज मात्र बहुतेक ठिकाणी घराच्याच मीटरवरून जाते, आणि तेवढं सोसायला माझी हरकत नाही.