घरात आणखी कुणाला?

"नाकात मांस वाढलं होतं, ऑपरेशन करून काढलं, तरी परत आलं." ही तक्रार ऐकली की मी रुग्णाला हमखास विचारतो, घरात आणखी कुणाला हा त्रास आहे का? बरेच जण "सर्दी काय, सगळ्यांनाच असते" म्हणून तो प्रश्न उडवून लावतात. मला मात्र त्याचं नीट उत्तर हवं असतं.

नाक चोंदणं, घट्ट शेंबूड घशात उतरणं, वास न येणं, चेहरा जड वाटणं हे 12 आठवड्यांहून जास्त चाललं की तो जुनाट सायनसायटिस. काहींच्या नाकात दुर्बिणीतून पॉलिप दिसतात, रुग्ण ज्याला 'मांस' म्हणतात तेच. सोललेल्या द्राक्षासारखे फिकट, ओले, लोंबणारे. सळईने हलवले तरी दुखत नाहीत, कारण सुजून लोंबलेल्या या अस्तरात नसा जवळजवळ नसतात. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या वंशावळी तपासल्या, तेव्हा पॉलिप असलेल्यांच्या आईवडील, भावंडं आणि मुलांमध्ये पॉलिपची शक्यता इतरांच्या सुमारे 4 पट आढळली. अर्थात एका घरातली माणसं धूळ आणि धूरही एकच घेतात, त्यामुळे एवढ्यावरून सगळा दोष जनुकांना देता येत नाही.

सातव्या गुणसूत्रावरच्या सीएफटीआर जनुकाचा शोध 1989 साली लागला. त्यातून बनणारं प्रथिन म्हणजे पेशीच्या भिंतीतलं क्लोराइडचं दार. हे दार बिघडलं की शेंबडातलं पाणी कमी होतं आणि तो चिकट होऊन अडकून बसतो. आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तर सिस्टिक फायब्रोसिस हा फुफ्फुसं आणि पचन बिघडवणारा आजार होतो. एकच आली तर माणूस 'निरोगी वाहक', असं आम्ही शिकलो. पण 2000 साली जुनाट सायनसायटिसच्या 147 रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 7 टक्के लोकांत असा दोष सापडला, तुलनेसाठी घेतलेल्यांत 2 टक्के. म्हणजे 'निरोगी' हा शब्द जरा जपूनच वापरायला हवा.

आता माझी सर्वांत आवडती गोष्ट. 1931 साली आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, कडू लागतंय. फॉक्सला काहीच लागेना. हा फरक मुख्यतः एका जनुकामुळे पडतो, टीएएस2आर38. कडू चव ओळखणारं त्याचं प्रथिन फक्त जिभेवर असतं असा समज होता. 2012 साली कळलं की ते नाकाच्या अस्तरातल्या पेशींच्या सूक्ष्म केसांवरही आहे. स्यूडोमोनास जंतू एकमेकांना जे रासायनिक निरोप धाडतात, ते हे प्रथिन हेरतं. मग पेशी नायट्रिक ऑक्साइड वायू सोडते, केस जोरात हलू लागतात, जंतू मरतात. ज्यांच्या दोन्ही प्रती मंद, त्यांच्या नाकाला ही चाहूल नीट लागत नाही.

जनुकातला बदल दर वेळी घातकच असतो, असंही नाही. 2019 साली आइसलंड आणि ब्रिटनमधल्या माहितीतून एएलओएक्स15 जनुकातला एक बदल पुढे आला. त्यामुळे एक एन्झाइम जवळजवळ निकामी होतं आणि पॉलिपची शक्यता सुमारे दोन तृतीयांशाने घटते. तेच एन्झाइम औषधाने थोपवता येईल का, हा प्रश्न त्यातूनच निघतो.

शेवटी लहान मुलांबद्दल, आणि हे मला कळकळीने सांगायचं आहे. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाला पहिल्याच दिवशी श्वासाचा त्रास झाला, तेव्हापासून नाक बारा महिने वाहतं, ओला खोकला थांबतच नाही, तर "वाढेल तसं जाईल" म्हणून वाट पाहू नका. नाकातले आणि श्वासनलिकांमधले सूक्ष्म केस जन्मापासून नीट हलत नसतील. या आनुवंशिक आजाराला प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया म्हणतात. अशा जवळपास निम्म्या मुलांचं हृदय उजवीकडे असतं, पण उरलेल्या निम्म्यांचं नेहमीच्याच जागी. म्हणून एक्स-रे ठीक आला तरी शंका मिटत नाही. मूल जरा मोठं झालं की नाकातला नायट्रिक ऑक्साइड मोजतात, या आजारात तो बहुधा फार कमी भरतो. जनुकीय चाचणीही होते, पण कारणीभूत जनुकं 50 हून अधिक आहेत, आणि चाचणीत काही सापडलं नाही तरी आजार असू शकतो.