लुस्वावित्सेची झाडं

(दृश्य: हॉर्नबीमच्या झुडपांचा चक्रव्यूह, वरून)

वरून पाहिलं की वाट सापडेल असं वाटतं. आत शिरलं की दोन्ही बाजूंना हिरव्या भिंती आणि वळणामागून वळण. दक्षिण पोलंडमधल्या लुस्वावित्से गावातली ही बाग क्शिश्तोफ पेंडेरेत्स्की यांनी लावली. संगीतकार आणि कंडक्टर म्हणून जग त्यांना ओळखतं. आम्ही मात्र झाडांपासून सुरुवात करतोय.

जन्म १९३३चा, गाव डेंबित्सा. लहानपणी आजोबा फिरायला न्यायचे आणि झाडांची लॅटिन नावं शिकवायचे. सत्तरच्या दशकात इथली जुनी हवेली घेतली आणि हे गृहस्थ झाडं लावतच सुटले. पंधराशेहून जास्त जाती!

(दृश्य: स्वरलेखनाचं पान, जवळून)

हे पान त्यांच्या १९६० सालच्या रचनेचं. हे जाडजूड काळे पट्टे बघा. एकमेकांना खेटलेले सूर आहेत हे. पट्टा रुंदावला की सूर पसरतात. हा टोक वर केलेला काळा त्रिकोण म्हणजे वाद्यातून निघेल तितका उंच सूर काढा. नेमका कोणता, ते ज्याचं त्यानं बघायचं. वादक ५२: २४ व्हायोलिन, १० व्हायोला, १० चेलो, ८ डबल बास. कुणी घोडीपलीकडच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी पट्टीपलीकडच्या तारांवर गज ओढतो, कुणी वाद्याच्या पोटावर बोटांनी टकटक करतो. झाडांवर जीव असलेला माणूस लाकूड वाजवणारच की.

आधी रचनेचं नाव नुसतं वेळेचं होतं, आठ मिनिटं सदतीस सेकंद. पुढे ती हिरोशिमाच्या बळींना अर्पण झाली.

(दृश्य: तालीम, हात आणि गज)

१९६६मध्ये ख्रिस्ताच्या यातनांची गायनकथा ‘सेंट ल्यूक पॅशन’, १९८०मध्ये पोलंडच्या ग्दान्स्क बंदरातल्या गोदी कामगारांसाठी ‘लाक्रिमोझा’ हे शोकगीत, क्राकूव फिलहार्मनिक या वाद्यवृंदाची धुरा, देशोदेशी स्वतःच्या रचनांचं संचालन. सिनेमावाल्यांनीही हे संगीत उचललं.

(दृश्य: पानगळ)

२००५मध्ये लक्झेंबर्गला आठवी सिंफनी सादर झाली. जर्मन कवितांवर बेतलेली, आणि त्या कविता झाडांच्या. म्हणजे बाग थेट गाण्यात आली.

२९ मार्च २०२० रोजी क्राकूवमध्ये त्यांचं निधन झालं.

(दृश्य: आधाराच्या काठीला बांधलेलं रोप. निवेदन नाही, फक्त वारा.)