पावकीपासून औटकीपर्यंत : खानापूर घाटमाथ्यावरच्या म्हाताऱ्या पोरांची शाळा

एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक.

देवळाच्या कट्ट्यावर बसून हा पावाचा पाढा म्हणणारी ही सगळी माणसं पंच्याहत्तर ते ऐंशीच्या घरातली आहेत. एकाच शाळेत शिकलेली, थोडी मागं पुढं. कुणाचे दात गेलेत, कुणाला नीट ऐकू येत नाही, पण चाल बघा, एकाची सुद्धा चुकत नाहीये. आणि हे कुणी ठरवून केलं नाही बरं का. आम्ही कॅमेरा लावत होतो, तेवढ्यात निळ्या शर्टातल्या आण्णांनी सुरुवात केली आणि बाकीच्यांनी मागनं उचललं, ते थेट शंभर पाव पंचवीसला जाऊन थांबले.

सांगली जिल्ह्यातला हा खानापूर तालुका, विटा हे तालुक्याचं गाव. घाटमाथा म्हणतात इकडं. शूटिंग केलं ते जत्रेच्या दिवसात, कारण वर्षभर ही माणसं, निदान यांची पोरं नातवंडं तरी, गावात सापडतच नाहीत. मैदानात लावलेल्या गाड्यांच्या नंबर प्लेटी वाचा एकदा. केरळ, तामिळनाडू, आंध्र, बंगाल, पंजाब, दिल्ली. खानापूर, आटपाडी आणि आजूबाजूच्या दुष्काळी तालुक्यातली हजारो माणसं गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे सोनं चांदी गाळून शुद्ध करायचं काम, आणि देशातल्या बहुतेक सराफ बाजारात कुठल्या तरी बोळात एक तरी दुकान आपल्या मराठी माणसाचं निघतंच. कट्ट्यावरच्या या मंडळींपैकी बहुतेकांनी पन्नास पन्नास वर्षं तिकडं काढली. आता परत आलीत, आणि संध्याकाळी बसली की बोलणं फिरून फिरून शाळेवर येतं, दुकानावर नाही.

ही ती शाळा. पुढची स्लॅबची खोली नंतरची, मागची मंगलोरी कौलांची लांबट खोली जुनी. यांच्या लहानपणी ही बोर्डाची शाळा होती, अजून ते तसंच म्हणतात. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि पाटी बदलली. खाली फरशी नव्हती, शेणानं सारवलेली जमीन, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की सारवायचं काम पोरींकडं आणि लांबनं पाणी आणायचं काम पोरांकडं. खिडकीपाशी उभे राहिलेले आण्णा बोटानं दाखवतायत तिथं बिगरी बसायची, त्याच्या पुढं पहिली, त्या भिंतीला दुसरी, म्हणजे एकाच खोलीत तीन वर्ग आणि मास्तर एक.

हे रजिस्टर नीट बघा, हे आम्हाला मुद्दाम दाखवायचं होतं. शाईनं लिहिलेलं दाखल्याचं रजिस्टर, नावांवर आम्ही पट्टी टाकलीय पण जन्मतारखेचा रकाना मोकळा ठेवलाय. १ जून. १ जून. १ जून. परत १ जून. पान उलटलं तरी तेच. पोराला शाळेत घालायला आणलं की मास्तर विचारायचे कधीचा, घरचे सांगायचे की सुगीत झाला, नाहीतर अमक्याच्या लग्नाच्या वर्षी, मग मास्तर अंगापिंडावरनं वय धरायचे आणि शाळेच्या नव्या वर्षाचा महिना म्हणून १ जून टाकून द्यायचे. महाराष्ट्रात या वयाची किती तरी माणसं एकाच दिवशी जन्मलेली आहेत ती अशी. या कट्ट्यावरच्या सगळ्यांचा वाढदिवस १ जूनलाच असतो, नातवंडं व्हॉट्सॲपवर एकच केक सगळ्यांना पाठवतात.

आता उजळणी. हा या फिल्मचा खरा विषय आहे म्हणून सावकाश सांगतो.

शाळा सुटायच्या आधी सगळ्यांनी उभं राहायचं, ओळीनं, हाताची घडी. एक पोरगा पुढं, तो सांगणारा. त्यानं एक ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती परत म्हणायची, आणि मास्तर तोवर मधनं फिरत असायचे, कुणाचे नुसते ओठ हलतायत ते त्यांना बरोबर कळायचं. आधी पाढे, बे पासून तीस पर्यंत. मग अपूर्णांकांचे पाढे. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा, मग सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सगळ्यात शेवटी औटकी, औट म्हणजे साडेतीन. एक औट साडेतीन, बे औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा. ऐका, या फ्रेममधे टोपीवाले तात्या सवायकी म्हणतायत, एक सवाय सव्वा, बे सवाय अडीच, तीन सवाय पावणेचार, चार सवाय पाच, त्यांची मान कशी हलतेय बघा, प्रत्येक चौथ्या ओळीला पूर्णांक येतो तिथं मान खाली येते. हा ठेका मास्तरांनी शिकवलेला नाही, आकड्यातच तो आहे, आणि म्हणून तर ते साठ पासष्ट वर्षं टिकलं.

घोकंपट्टी म्हणून याला आपण नावं ठेवली, ती या माणसांसमोर बसून ठेवून बघा. आण्णांना आम्ही मधनंच विचारलं, सत्तावन्न पाव किती. त्यांनी पहिल्यापासून म्हटलं नाही. छप्पन पाव चौदा, म्हणून सत्तावन्न पाव सव्वाचौदा, असं एका दमात उत्तर आलं. म्हणजे पाठ केलेल्या यादीत मधे मधे खुंट्या ठोकलेल्या आहेत आणि जवळची खुंटी धरून माणूस पुढं मागं सरकतो. याला समजणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

या पिढीचं आणखी एक आहे, यांनी दोन हिशोब शिकले. शाळेत गेली तेव्हा रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. शेर, चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी. आणि मग १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर. आणा बसला सव्वासहा नव्या पैशांना, आणि सव्वासहाचं नाणं तर नव्हतंच. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून किलो आणि मीटर टप्प्याटप्प्यानं यायला लागले. पाठ केलेलं निम्मं वाया गेलं असं वाटलं असेल पोरांना, पण पावकी काही मेली नाही. चार आणे म्हणजे पाव रुपया, पंचवीस पैसे म्हणजे पण पाव रुपयाच. शेर गेला, पावशेर मात्र आजच्या बाजारात सुद्धा तोंडात आहे, नुसता तो अडीचशे ग्रॅमचा झालाय.

आणि आता हे शाळेबाहेर कुठं गेलं ते बघूया, कारण आम्हाला स्वतःला हे शूटिंग करेपर्यंत माहीत नव्हतं.

ही भट्टी, हे शूटिंग आण्णांच्या नातवानं तामिळनाडूतल्या त्यांच्या दुकानातनं मोबाईलवर करून पाठवलंय. मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, जुनं सोनं आहे, मोडीचे दागिने. त्यात तांबं असतं, चांदी असते, डागाचा, म्हणजे सांधे जोडायचा, धातू असतो, ते सगळं काढायचंय. तर सरळ ऍसिडमधे टाकून चालत नाही, सोनं भोवती असल्यामुळं ऍसिड आतल्या चांदीपर्यंत पोचतच नाही. म्हणून उलटं करायचं, सोन्यात आणखी चांदी घालायची. किती? एकूण वजनात सोनं पाव राहिलं पाहिजे आणि चांदी पाऊण. कमी चांदी घातली तर ऍसिड आत जात नाही, फार घातली तर सोन्याचा एकदम बारीक भुगा होतो आणि धुताना वाहून जायची भीती. टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, टाकून ते वितळवायचं, पाण्यात ओतून त्याचे दाणे करायचे, हे बघा पाण्यात कसे पडतायत, आणि मग नायट्रिक ऍसिड. चांदी विरघळून पाण्यात जाते, खाली राहतो तो तपकिरी मातीसारखा गाळ. हे सोनं आहे. कुणी सांगितलं नाही तर झाडून टाकाल. धुवून परत मुशीत घातलं की मग रंग येतो. चांदी पण जात नाही, त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या टाकल्या की ती परत खाली बसते आणि पुढच्या घाण्याला वापरता येते.

पाव आणि पाऊण. सोनं चौदा तोळे धरलं तर चांदी बेचाळीस, एकूण छप्पन, छप्पन पाव चौदा. तेरा चौदा वर्षांचं पोरगं गावातनं कुणा पाव्हण्याच्या दुकानावर गेलं की पहिल्या आठवड्यात भाषा येत नव्हती, तमिळ नाही मल्याळी नाही, पण मालकानं वजन सांगितलं की चांदी किती हे पोरगं तोंडानं सांगायचं. बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा, पाव तोळा तीन मासे, पाऊण मासा सहा गुंजा. तात्या तळहातावर गुंजा घेऊन दाखवतायत, लाल, वर काळा ठिपका, या त्यांच्याच शेताच्या बांधावरच्या वेलीच्या आहेत. पुढं ग्रॅम आला, सराफाचा तोळा पुरता दहा ग्रॅमचा झाला, काटे इलेक्ट्रॉनिक आले. तात्या म्हणाले की काट्यावर आकडा यायच्या आधी माझ्या तोंडात यायचा, आणि मुलगा शेजारी उभा राहून मान हलवतोय, हो म्हणून.

शाळा बऱ्याच जणांची चौथीतच सुटली, फार थोडे सातवीच्या फायनल परीक्षेपर्यंत पोचले, ऍसिडच्या वाफेनं छातीचं दुखणं घेऊन आलेले पण यांच्यात आहेत.

हा आठवडी बाजार. या आजी शाळेत दुसरीपर्यंतच गेल्या, धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवलं. पण बाजारात वांगी विकायला बसलेल्या बघा. गिऱ्हाईकानं पाऊण किलो मागितली, ऐंशी रुपये किलोची, ते मोबाईलमधे कॅल्क्युलेटर शोधतंय तोवर आजींनी साठ म्हणून हात पुढं केलाय. ऐंशी पाऊण साठ. कुठं शिकलात म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की भावाला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीखाली उभं राहायच्या, संध्याकाळची उजळणी बाहेरनं म्हणायच्या, आणि मास्तरांनी कधी हाकललं नाही. ती खिडकी मघाशी आपण आतनं बघितली तीच. या मास्तरांचा फोटो आम्ही खूप शोधला, गावात एक पण सापडला नाही.

आणि हा शेवटचा भाग आम्ही शाळेतल्या बाईंच्या परवानगीनं शूट केला. शनिवारची सकाळ, चौथीचा वर्ग, आण्णा पुढं उभे, सांगणारा म्हणून. आधी पोरं हसतात, तुम्हाला दिसतंयच. एक पाव पाव ला हसतात, बे पाव अर्धा ला हसतात. आठ पाव दोन पर्यंत हसू थांबलेलं असतं. बारा पाव तीनला मागच्या ओळीतली दोन वेण्यांची मुलगी आण्णांच्या आधी उत्तर सांगते, तिला चार चारचं गणित सापडलंय. त्याच तासाला बाईंनी फळ्यावर एक छेद चार लिहिलं आणि विचारलं की हेच का ते, तर वर्गातनं हो आलं. पुस्तकातला अपूर्णांक आणि कट्ट्यावरची पावकी एकत्र यायला दहा मिनिटं पुरली. हे प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत करता येईल, खर्च काही नाही, गावात ऐंशीच्या आसपासचं एक माणूस हवं आणि ते आत्ताच बोलवायला हवं.

आमच्याकडं आता पावकी, निमकी, पाऊणकी आणि सवायकी शंभरापर्यंत पूर्ण रेकॉर्ड झालीय. दिडकी दोन आवाजात आहे. औटकी मात्र चाळीसच्या पुढं कुणालाच सलग येत नाही, मधली मधली कडवी येतात, तात्यांना पन्नास आठवतं पण एकोणपन्नास नाही. आकडे मांडून आम्ही ती कागदावर पूर्ण करू शकतो, साडेतीननं गुणायलाच तर आहे, पण मोठ्या आकड्यांना जोडून म्हणायची जी जुनी पद्धत होती, कुठं शब्द तोडायचा कुठं ओढायचा, ती कागदावर येत नाही. तुमच्या घरात कुणाला येत असेल तर फोनवरच रेकॉर्ड करा. पंखा बंद ठेवा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा, आणि मधे चुकलं तरी थांबवू नका, मागच्या पूर्णांकाला जाऊन ते स्वतःच परत सुरू करतात.