पडदा न दाखवता

मित्रहो, सिनेमावेड्या माणसावर कमी पैशांत शॉर्टफिल्म करायला निघालात, तर पहिला अडसर कॅमेऱ्याच्या भाड्याचा नसतो. तुमचा नायक ज्या सिनेमावर जीव टाकतो, तोच तुम्हाला दाखवता येत नाही! गाजलेल्या चित्रपटातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्यायचा तरी हक्कांचे पैसे मोजा, त्यात गाणं असेल तर त्याचे वेगळे. एवढ्यात सगळं बजेट संपतं.

मग हाती उरतो चेहरा. माझ्या मते तेवढा पुरतो. इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामींच्या २००८ सालच्या ‘शिरीन’मध्ये आपण दीड तास प्रेक्षक बायकांचे चेहरे पाहतो, त्या पाहताहेत तो सिनेमा फक्त कानावर पडतो. आपल्याला दीड तास नको, दीड मिनिट जमलं तरी खूप.

नायक स्थलांतरित असेल तर त्या चेहऱ्याला आणखी एक पदर येतो. बाहेर भाषा येत नाही म्हणून जो दिवसभर ओशाळा होऊन वावरतो, तो अंधारात इतरांच्या बरोबरीने बसतो. हे आजचं नाही. १९०५नंतर अमेरिकेत पाच सेंटांत मूकपट दाखवणारी निकेलोडियन नावाची छोटी चित्रपटगृहं जागोजागी निघाली. न्यू यॉर्कमध्ये तिथे स्थलांतरित कामगारांची झुंबड उडे, कारण इंग्रजीवाचून फारसं अडत नसे. पुढे हॉलिवूड उभारणाऱ्यांतही हीच मंडळी होती: हंगेरीहून आलेले, फरच्या धंद्यातले अडॉल्फ झुकर, वॉर्सात जन्मलेले, हातमोजे विकणारे सॅम्युएल गोल्डविन. अर्थात हा इतिहास तुमच्या नायकाच्या तोंडी घालू नका. ‘सिनेमा माझा श्वास आहे’ छापाचं भाषण तर मुळीच नको.

त्यापेक्षा तो बोलतो कसा ते पाहा. नवी भाषा तो सिनेमातूनच शिकला, तर ती कुणाची शिकला? गुंडांची, वकिलांची, चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रियकरांची! असा माणूस भाड्याने खोली बघायला जातो आणि घरमालकिणीशी दरबारी थाटात बोलतो, किंवा नकळत धमकीच देतो. ती दचकते, हा गोंधळतो. या एका प्रसंगात विनोद आहे, एकटेपण आहे आणि खर्च? एक खोली, दोन नट. मला विचाराल तर लघुपटाचा कणा हाच.

चित्रपटगृह भाड्याने घ्यायचीही गरज नाही. मागे काळा कपडा, तीन-चार खुर्च्या, दोन मित्र. कॅमेऱ्याबाहेर लॅपटॉपवर स्वतःच चित्रित केलेलं काहीही लावा: धावती झाडं, दिव्यांचे झोत. दृश्य बदलेल तसा चेहऱ्यावरचा उजेड बदलतो, तो हाताने दिवा हलवून मिळणाऱ्या लुकलुकाटापेक्षा खरा वाटतो. पैसे वाचले तर ध्वनीवर घाला. ‘आतला’ सिनेमा स्वतः लिहून दोन आवाजांत ध्वनिमुद्रित करा, थोडा घुमवा, म्हणजे हक्कांची कटकटच मिटली. त्यातले संवाद नायकाला पाठ असतील, तर त्याचे ओठ किंचित आधी हलू द्या.

लांबीचं म्हणाल, तर ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंत लघुपट बसतो. तुम्ही मात्र बारा मिनिटांपलीकडे जाऊ नका. महोत्सवात एका खेळात पाच-सहा लघुपट बसवायचे असतात, तिथे लांबलचक फिल्मला निवडणारे आधी कात्री लावतात.