चिलटाचं घड्याळ आणि दुपारचं सलाईन

नमस्कार मंडळी. 'कीटकांचा मेंदू आणि कर्करोग' हा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, आज कुठल्यातरी किड्याच्या विषातून काढलेल्या औषधाची गोष्ट ऐकायला मिळणार. तसं काही नाही, आधीच सांगतो. माझा मुद्दा एवढाच आहे: इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधाचं, सलाईन सकाळी लावावं की दुपारी, हा प्रश्न आज मोठमोठ्या कर्करोग रुग्णालयांत गंभीरपणे विचारला जातोय. आणि तो विचारता येतो, कारण काही लोकांनी ऐन उमेदीची वर्षं चिलटांचं झोपणं-उठणं मोजण्यात घालवली.

चिलटं म्हणजे तीच, केळी जरा जास्त पिकली की घोंगावणारी. शास्त्रज्ञ त्यांना ड्रॉसोफिला म्हणतात. चिलटाची अळी कोषात जाते आणि पूर्ण वाढ झालेली माशी सहसा पहाटेच्या सुमारास बाहेर पडते. पहाटे हवेत ओल असते, त्यामुळे नवे पंख नीट उलगडण्याआधीच वाळत नाहीत, असं मानलं जातं. गंमत अशी की कोष सततच्या अंधारात ठेवले, तरी बाहेर पडण्याची वेळ रोज जवळपास तीच राहते. म्हणजे वेळ बाहेरून कळत नाही, आत कुठेतरी मोजली जाते. कॅलिफोर्नियात सेमूर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत रॉन कोनोप्का नावाच्या विद्यार्थ्याने ठरवलं की रसायन देऊन चिलटांच्या जनुकांत बिघाड करायचा आणि वेळ चुकवणारी चिलटं शोधायची. तेव्हा बऱ्याच जाणकारांना हे भाबडेपणाचं वाटलं होतं. वागणुकीसारखी गुंतागुंतीची गोष्ट एका जनुकाने कशी बिघडेल? पण १९७१ साली कोनोप्का आणि बेंझर यांनी तीन प्रकारची चिलटं दाखवली. एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा, तिसरीला ताळतंत्रच नाही. आणि तिन्ही बिघाड एकाच जनुकातले. त्या जनुकाचं नाव पिरियड.

१९८४ मध्ये हे जनुक हाती लागलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत यंत्रणा उलगडली. पिरियड जनुकापासून बनणारं प्रथिन रात्री साचत जातं, टाइमलेस नावाच्या जोडीदाराबरोबर पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि स्वतःचंच उत्पादन बंद पाडतं. मग ते हळूहळू नष्ट होतं आणि उत्पादन पुन्हा सुरू होतं. एक फेरी साधारण चोवीस तासांची. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना याबद्दल २०१७ चं नोबेल मिळालं. कोनोप्का २०१५ मध्येच वारले होते.

मला स्वतःला नोबेलपेक्षा मेंदूतला भाग जास्त आवडतो. २०२४ साली चिलटाच्या मादीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात १,३९,२५५ चेतापेशी मोजल्या गेल्या. त्यांतल्या वेळ सांभाळणाऱ्या पेशी फार तर दोन-अडीचशे. आणि त्यांच्यातही कामाची वाटणी आहे. पहाटेची धावपळ सुरू करणाऱ्या पेशी वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या. पहाटेच्या पेशी एक छोटं प्रथिन सोडून बाकीच्यांना जुळवून घेतात. ते प्रथिन काढून टाकलं आणि चिलटं अंधारात ठेवली, की थोड्याच दिवसांत बहुतेकांचा ताल सुटतो. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात तर शेकडो पिढ्या निवड करत, पहाटे कोषातून निघणाऱ्यांचं एक घराणं आणि संध्याकाळी निघणाऱ्यांचं दुसरं, अशी दोन घराणी तयार केली गेली. भल्या पहाटे उठणारी माणसं आणि दुपारपर्यंत लोळणारी माणसं एकाच घरात का निघतात, याचं थोडं उत्तर तिथे आहे. आळस हे संपूर्ण उत्तर नव्हे, हे समोरच्या तरुण मंडळींनी घरी जरूर सांगावं.

या शास्त्रात मुंबईही आहे. होमी भाभांनी १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग काढायला बोलावलं. सिद्दिकी पुढे बेंझर यांच्याकडे जाऊन तापमान वाढलं की लुळी पडणारी चिलटं अभ्यासून आले, आणि मग कुलाब्यात, समुद्राकाठी, वेरोनिका रॉड्रिग्ज यांच्याबरोबर वास आणि चव न ओळखणारी चिलटं शोधू लागले. 'याचा उपयोग काय' हे त्यांना किती वेळा विचारलं गेलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आता माणसाकडे येऊ. १९९७ मध्ये उंदरात आणि माणसात पिरियडची भावंडं, म्हणजे त्याच्याशी मिळतीजुळती जनुकं, सापडली. मग कळलं की हे घड्याळ फक्त मेंदूत नसतं. यकृतात, त्वचेत, रोगप्रतिकारक पेशींत, जवळपास सगळीकडे ते चालू असतं. आपल्या रक्तातल्या टी पेशींची, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, संख्या रात्री वाढते आणि सकाळी उतरते, कारण सकाळी त्या रक्तातून बाहेर पडून ऊतींकडे जातात. बर्मिंगहॅमला २०१६ मध्ये एक साधा, छान प्रयोग प्रसिद्ध झाला. पासष्टीच्या वरच्या २७६ लोकांना फ्लूची लस दिली, काहींना सकाळी ९ ते ११, काहींना दुपारी ३ ते ५. लशीतल्या तीनपैकी दोन विषाणूंविरुद्ध सकाळवाल्यांत प्रतिपिंडं जास्त तयार झाली. तिसऱ्याबाबत फरक दिसला नाही. हा तिसरा विषाणू बातम्यांत सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

इम्युनोथेरपीबद्दल थोडक्यात. आपल्या टी पेशींवर ब्रेक असतात, नाहीतर त्या स्वतःच्याच शरीरावर उठल्या असत्या. गाठ या ब्रेकवर पाय ठेवून बसते. जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होन्जो यांनी सीटीएलए-४ आणि पीडी-१ या दोन ब्रेकवर काम केलं, २०१८ चं नोबेल त्यांना मिळालं. आज निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं तो पाय उचलतात. काही रुग्णांना त्यांचा विलक्षण फायदा होतो, अनेकांना काहीच होत नाही.

२०२१ मध्ये अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या २९९ रुग्णांच्या जुन्या नोंदी काढल्या आणि प्रत्येक सलाईन किती वाजता लागलं ते पाहिलं. ज्यांचे पाचातला एक किंवा त्याहून जास्त डोस दुपारी साडेचारनंतर झाले, ते तुलनेने कमी जगले. त्यानंतर फुप्फुस, मूत्रपिंड असे इतर कर्करोगही तपासले गेले आणि बहुतेक ठिकाणी कल तोच दिसला.

पण इथे थांबून विचार करा. उशिरा येणारा रुग्ण कोण असतो? लांबून येणारा, सोबतीला नातेवाईक न मिळालेला, सकाळी अंथरुणातून उठायलाच वेळ लागणारा. म्हणजे दोष वेळेचा की अशक्तपणाचा? जुन्या नोंदींतून हे पूर्णपणे सुटं करता येत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. ते चीनमध्ये झालं. फुप्फुसाच्या कर्करोगाचे २१० रुग्ण, पहिले चार डोस अर्ध्यांना दुपारी तीनच्या आत, अर्ध्यांना तीननंतर. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ लवकरच्या गटात जवळजवळ दुप्पट निघाला. खरं सांगायचं तर इतका मोठा फरक पाहून मला आनंदाआधी शंका येते. औषध तेच, मात्रा तीच, फक्त काही तासांचा फरक, आणि परिणाम दुप्पट? इतर देशांत अशाच चाचण्यांतून हेच पुन्हा दिसेपर्यंत मी हात राखूनच बोलेन.

शंकेचं दुसरं कारण औषधातच आहे. निव्होलुमॅबचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला तीन-साडेतीन आठवडे लागतात. जे औषध महिनाभर शरीरात आहे, त्याला सकाळ काय आणि संध्याकाळ काय? एक शक्यता अशी की औषध पहिल्यांदा पोहोचतं तेव्हा टी पेशी कुठे आहेत, लसिकाग्रंथीत, गाठीत की रक्तात, यावर पुढचा बराच खेळ ठरतो. रोगप्रतिकारशक्तीचे अभ्यासक क्रिस्टोफ शायरमान यांच्या गटाने उंदरांत दाखवलंय की गाठीत शिरणाऱ्या टी पेशींची संख्या दिवसभरात वरखाली होते, आणि त्यांना शत्रू दाखवणाऱ्या डेंड्रायटिक पेशीही वेळापत्रक पाळतात. फक्त उंदीर निशाचर आहे, त्याची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. त्याच्यावरचे तास जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा आहे. ही औषधं बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहेत. परळच्या टाटा मेमोरियलने तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगात निव्होलुमॅबची नुसती २० मिलिग्रॅम मात्रा, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, तीन गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिली. २०२२-२३ मध्ये निकाल आला: वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांतल्या १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. असा विचार करणाऱ्या देशात, एक पैसाही न लागणारा बदल म्हणजे वेळेचा, कुणाला नको असेल? पण खरंच पैसा लागत नाही का? डे-केअरमधल्या खुर्च्या मोजक्या. सकाळी रक्त द्यायचं, रिपोर्टची वाट पाहायची, डॉक्टरांनी सही केली की औषध तयार होणार. सलाईन लागेपर्यंत दुपार कलायला लागलेली असते. सगळ्यांना सकाळ द्यायची तर रक्ततपासणी आदल्या दिवशी हवी, म्हणजे बाहेरगावच्या माणसाला मुंबईत एक मुक्काम जास्त. आणि खुर्च्या तेवढ्याच राहिल्या, तर कुणालातरी दुपार मिळणारच. ती कुणाला मिळेल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

शेवटची गोष्ट, जी मला या चाचण्यांत सगळ्यात जास्त खटकते. त्या भिंतीवरचं घड्याळ पाहतात, रुग्णाच्या आतलं नाही. कोनोप्काच्या चिलटांनी पहिलीच गोष्ट दाखवली होती की प्रत्येकाचं घड्याळ सारखं नसतं. अमेरिकेतल्या एका कुटुंबात माणसं संध्याकाळी साडेसातलाच पेंगू लागत आणि पहाटे साडेचारला टक्क जागी होत. २००१ मध्ये त्याचं कारण सापडलं, पिरियडच्याच मानवी भावंडात, पीईआर-२ मध्ये, एका अक्षराचा बदल. आणि जनुकं बाजूला ठेवली तरी आपल्याकडे रात्रपाळी करणारे सुरक्षारक्षक आहेत, कॉल सेंटरवाले आहेत, नर्सेस आहेत. वर्षानुवर्षं रात्री जागणाऱ्या माणसाला सकाळी नऊला सलाईन लावलं, तर ते त्याच्या सकाळी लागलं की रात्री? याचं उत्तर माझ्या माहितीत तरी अजून कुठल्या चाचणीने दिलेलं नाही.

तेव्हा घरात कुणाचे उपचार चालू असतील, तर डॉक्टरांना वेळेबद्दल जरूर विचारा. सकाळची वेळ सहज मिळत असेल तर घ्या. पण दुपारची मिळाली म्हणून डोस पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. डोस चुकण्याचं नुकसान ठाऊक असलेलं आहे, दुपारचं अजून ठरायचंय.